बेलापूर ते बेलापूर

प्रवरा नदीच्या काठी, नगरहून मनमाडकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, कोल्हार नावाचे गाव आहे. भगवतीदेवीच्या देवळामुळे त्याला कोल्हार भगवती असेही म्हणतात. गाव नांदते आहे, बाजारपेठ मोठी आहे, मोटारींची वर्दळ रात्रंदिवस चालू असते. परंतु आगगाडीची शिटी या गावी ऐकू येत नाही. रूळ पाहावयाचे तर पूर्वेकडे वीस-पंचवीस किलोमीटर गेले पाहिजे. अशा गावी माझ्या बहिणीचे सासर आहे, आणि तिच्या बारा वर्षांच्या मुलाला आगगाडीचे विलक्षण वेड आहे.

वेड म्हणजे साधेसुधे नव्हे. गाड्यांची वेळापत्रके त्याला तोंडपाठ. कोणती गाडी कोणत्या स्टेशनावर किती मिनिटे थांबते हे तो झोपेतही सांगेल. "हे खूळ मामाकडूनच आले," असे माझी बहीण म्हणते, आणि ते मला नाकारता येत नाही.

दिवाळीच्या सुटीत मी कोल्हारला गेलो, तेव्हा पाय धुऊन ओट्यावर टेकतो न टेकतो तोच भाचेबुवांनी कोडे घातले.

"मामा, बेलापूरहून निघायचे, आगगाडीने पुढे पुढेच जायचे, आल्या वाटेने परतायचे नाही, आणि तरी बेलापूरलाच उतरायचे. सांगा कसे?"

कोडे मला ठाऊक होते. महाराष्ट्रात बेलापूर नावाची दोन स्टेशने आहेत. एक श्रीरामपूरचे. प्रवरेकाठचे जुने बेलापूर गाव तेथून काही किलोमीटर दूर आहे. रूळ पडले तेव्हा त्याच गावाचे नाव स्टेशनाला मिळाले. पुढे स्टेशनाभोवती बाजार वाढला, शहर झाले, शहराचे नाव श्रीरामपूर पडले. पण फलाटावरची पाटी बेलापूरच राहिली. त्यामुळे नवखा प्रवासी श्रीरामपूर शोधीत खिडकीतून बाहेर पाहतो आणि गाडी निघून जाते! दुसरे बेलापूर मुंबईच्या खाडीपलीकडे, नवी मुंबईत. पहिल्या बेलापुरावरून पुणे, गोवे, कर्नाटक आणि दिल्ली यांच्या दरम्यान धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या जातात. दुसऱ्या बेलापूरला मुंबईकरांची रोजची लोकल थांबते.

कोडे सुटले होते. राहिला होता तो प्रवास. दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो.

निघताना भाच्याच्या आजीने दशम्यांचे गाठोडे त्याच्या हाती दिले आणि म्हटले, "बाळा, गाडीत बसून नुसता लांबचा डोंगर बघू नकोस. रुळांखालचा भरावही बघ. आपल्या घरची माणसे त्याच्यावर पाट्या वाहून गेली आहेत."

भाच्याला हे काही नीटसे कळले नाही. त्याचे सारे लक्ष एस.टी.च्या वेळेकडे होते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. हा मुलूख पूर्वी पावसाच्या भरवशावर जगे. वरच्या अंगाला भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, कालव्यांना बारमाही पाणी आले आणि शेतीचे रूप पालटले. त्या धरणाला त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव दिले होते. हे नाव ध्यानात ठेवा. या प्रवासात ते आणखी एकदा भेटावयाचे आहे.

बेलापूर स्टेशनावर गाडीला अवकाश होता. तेवढ्यात मी भाच्याला गोळ्याची गोष्ट सांगितली. एकाच रुळावरून दोन्ही दिशांच्या गाड्या जावयाच्या, तर त्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून पूर्वी एक युक्ती योजीत. दोन स्टेशनांवर तारेने जोडलेली दोन यंत्रे असत. त्यांतून धातूचा एक गोळा निघे. तो गोळा हाती पडल्याखेरीज ड्रायव्हरने गाडी पुढे न्यावयाची नाही, असा सक्त नियम होता. आणि निघालेला गोळा कोणत्याही एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा गोळा बाहेरच येत नसे. न थांबणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर धावत्या एंजिनातून हात बाहेर काढून, कड्याला अडकविलेला हा गोळा अचूक झेली.

"आणि हुकला तर?"

"तर गाडी थांबवायची, खाली उतरायचे आणि शोधायचा."

गाडी आली. ती दक्षिणेतून दिल्लीकडे निघालेली होती. डब्यात चढताच निरनिराळ्या भाषा कानी पडल्या. कोणी कानडी बोलत होते, कोणी हिंदी. वरच्या बाकावर एक जवान कांबळे ओढून गाढ झोपला होता. ज्यांनी रात्र गाडीत काढलेली असते, त्यांना डबा घरासारखा वाटू लागतो. आम्ही मात्र पाहुणे होतो. भाच्याने खिडकी पकडली.

शेतांच्या पातळीपेक्षा रूळ बरेच उंचावर होते. गाडी एका लांबलचक मातीच्या बांधावरून चालली होती. तो पाहता पाहता भाच्याला आजीचे बोलणे आठवले. "मामा, पाट्या कशाच्या?"

मग मला ती गोष्ट सांगणे भाग पडले. मुंबईहून निघालेल्या लोहमार्गाला कल्याणला दोन फाटे फुटतात. एक थळ घाट चढून नाशिक, मनमाड, भुसावळ असा जातो. दुसरा बोर घाट चढून पुणे, दौंड, सोलापूर असा जातो. दोन्ही वाटा दख्खनच्या पठारावरच येतात. पण एका वाटेवरून दुसरीवर यावयाचे तर पूर्वी एक घाट उतरून कल्याण गाठावे लागे आणि दुसरा घाट पुन्हा चढावा लागे. हा वळसा वाचावा म्हणून दौंड आणि मनमाड ही ठिकाणे जोडण्याचे ठरले.

याच सुमारास, १८७६ साली, दख्खनवर पावसाने पाठ फिरविली. पिके गेली, गुरे गेली, माणसे अन्नान्न करीत गावे सोडून निघाली. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने जी कामे काढली, त्यांत या मार्गाचा भराव हे एक होते. बाया, बापये, अशक्त म्हातारी माणसेसुद्धा माती खणू लागली, पाट्या वाहू लागली. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी असे मत दिले की, मजुराला दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढे पुरेसे आहे. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाचे तेवढ्याने काय भागणार? मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी असल्या कामांवर जाण्याचे नाकारले. उपाशी माणसाने हाती असलेले कामही सोडावे, याचा अर्थ काय असेल याचा विचार करून पाहा. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, महादेव गोविंद रानडे यांसारख्या मंडळींनी, या लोकांची बाजू सरकारपुढे मांडली.

"आणि हा मार्ग?"

"१८७८ साली सुरू झाला."

भाच्याने वहीत १८७८ हे साल लिहिले आणि खिडकीतून खाली, भरावाच्या उतारावर उगवलेल्या गवताकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मी मुद्दामच गप्प बसलो.

पुणतांबे आले. येथे चांगदेवांची समाधी आहे. लगेच गोदावरीचा पूल लागला. चाकांचा आवाज बदलला, खाली पात्र पसरले, आणि डब्यातील एका म्हातारीने खिडकीतून पाण्यात नाणे टाकून हात जोडले. पुढे कोपरगाव, मग पैठण्यांचे आणि तात्या टोपे यांचे येवले. दिवस कलला. मनमाडच्या अलीकडे अंकाई-टंकाई ही जुळ्या किल्ल्यांची जोडी मावळतीच्या उजेडात काळीशार दिसू लागली, आणि थोड्याच वेळात आमची गाडी जंक्शनात शिरली.

रात्र आम्ही मनमाडच्या प्रतीक्षालयात काढली. मी झोपलो, भाचा मात्र जागाच असावा. कारण पहाटे त्याच्या वहीत एका पानावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या रेघा होत्या, आणि त्यांत मालगाड्यांची संख्या प्रवासी गाड्यांहून फार कमी नव्हती. रात्री रूळ रिकामे असतात, ही त्याची समजूत त्या रात्री नाहीशी झाली.

सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने आम्ही पुढे निघालो. लासलगावचा कांदा, निफाडची द्राक्षे यांचा मुलूख मागे पडला आणि नाशिक रोडला एक वेगळाच जथा डब्यात शिरला. हातात डबे, खांद्याला पिशव्या, खिशात पास. ही मंडळी मुंबईला नोकरीसाठी जातात आणि रात्री घरी परततात. नाशिक रोड ते मुंबई हे अंतर एकशे ऐंशी किलोमीटरांहून अधिक आहे! एकाने बसल्या बसल्या डोळे मिटले, दुसऱ्याने वर्तमानपत्राचे पान तिसऱ्याला दिले. कोणाची जागा कोणती, हे न बोलता सर्वांना माहीत होते. गाडी लांब पल्ल्याची खरी, पण या लोकांनी तिची लोकल करून टाकली होती.

इगतपुरी आली आणि भाचा ताठ होऊन बसला. आता थळ घाट.

इगतपुरी ते कसारा हे अंतर अवघे सोळा किलोमीटरांच्या आसपास; पण तेवढ्यात गाडीला सुमारे तीनशे मीटर खाली उतरावयाचे असते. काही ठिकाणी सदतीस मीटर पुढे गेले की एक मीटर उतार, असे प्रमाण आहे. पायी चालणाऱ्याला हे काहीच वाटणार नाही. परंतु लोखंडी रुळावर लोखंडी चाक, म्हणजे घसरण फार. शेकडो टन वजनाच्या गाडीला असा उतार म्हणजे मोठे संकट. हा मार्ग १८६५ साली सुरू झाला. डायनामाइटचा शोध तेव्हा जगापुढे आला नव्हता. खडक फोडला तो पहारींनी आणि साध्या सुरुंगाच्या दारूने. असे बोगदे खणले, दऱ्यांवर पूल उभारले. त्यांतील एहेगावचा पूल दरीच्या तळापासून पन्नास मीटरांहून उंच आहे.

"चढणे अवघड की उतरणे?" भाच्याने विचारले.

इतक्यात शेजारच्या रुळावरून एक गाडी वर येताना दिसली. पुढे एंजिन होतेच. पण गाडीच्या पाठीमागेही एंजिने जोडलेली होती आणि ती सारा भार वर ढकलीत होती. ही ढकलणारी एंजिने कसाऱ्याला लावतात व इगतपुरीला सोडवितात. २०२३ सालापासून मुंबई आणि शिर्डी यांच्यामध्ये धावणाऱ्या वंदे भारत गाडीला मात्र ती लागत नाहीत. कारण तिला ओढणारी यंत्रे एकाच एंजिनात नसून अनेक डब्यांखाली वाटलेली आहेत.

चढताना बळ लागते, उतरताना संयम लागतो. आमच्या गाडीच्या डब्यांखालून एक नळी एंजिनापासून शेवटपर्यंत गेलेली होती. तिच्यात दाबून भरलेली हवा असते. तो दाब टिकून आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात. दाब उतरला की प्रत्येक डब्याखाली साठविलेली हवा ब्रेकांना चाकांवर दाबते. म्हणजे नळी फुटली, किंवा दुर्दैवाने डबे तुटून वेगळे झाले, तरी गाडी आपोआप थांबू लागते. साखळी ओढली असता गाडी थांबते तीही याच कारणाने. घाटांत याहून एक सोय असते. मुख्य मार्गापासून फुटून डोंगरावर चढत जाणारा आणि तेथेच संपणारा एक रूळ ठेवतात. उतरणारी गाडी ताब्यात नसेल तर ती या चढावर वळते आणि तिचा वेग तेथे मरतो. गाडी पूर्णपणे ताब्यात आहे अशी खात्री पटली, तरच तिला पुढची वाट मोकळी होते. यंत्र बिघडणार, माणूस चुकणार, हे धरूनच ज्याने ही योजना केली, त्या माणसाविषयी मला नेहमीच आदर वाटत आला आहे.

येथे मी भाच्याला खेकड्याची ओळख करून दिली. या घाटात १९३० च्या सुमारास विजेच्या गाड्या आल्या. मालगाड्यांसाठी आणलेली विजेची एंजिने हिरवट रंगाची, लांब आणि मध्ये दोन ठिकाणी लवणारी होती. चाकांना जोडलेले त्यांचे दांडे चालताना असे काही हलत की कामगारांनी त्यांचे नाव खेकडा ठेवले. त्यांपैकी एक एंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. त्या एंजिनाचे खरे नाव काय असेल? सर लेस्ली विल्सन!

"म्हणजे आपल्या धरणाचे?"

"तेच. तुमच्या उसाला पाणी देणाऱ्या धरणाला जे नाव, तेच घाटातल्या खेकड्याला."

हा शोध भाच्याला इतका आवडला की कसारा केव्हा आले ते त्याला समजले नाही.

कल्याणला आम्ही उतरलो आणि लोकल धरली. धरली हाच शब्द योग्य, कारण ती काही सेकंदच थांबते. गार्डाने दोनदा घंटा दिली, पुढच्या टोकाच्या मोटरमनने तिला उत्तर दिले आणि गाडी निघाली ती एकदम वेगाने. हिलाही निराळे एंजिन नसते. अनेक डब्यांखाली मोटारी असतात, म्हणूनच दर दोन-तीन मिनिटांनी थांबणे आणि पुन्हा धावणे तिला जमते. गर्दीत भाचा हरवेल की काय, अशी मला धास्ती वाटली. परंतु तिघांच्या बाकावर बसलेल्या माणसांनी अंग चोरून चौथी जागा केली आणि त्याला तेथे बसविले. एकाने विचारले, "पहिल्यांदाच का रे?" त्याने मान हलविली. मग ठाण्यापासून पुढे तो गृहस्थच त्याचा वाटाड्या झाला. याच ठाण्यापर्यंत १८५३ सालच्या एप्रिलच्या १६ तारखेला बोरीबंदराहून चौदा डब्यांची पहिली गाडी आली होती. तिला ओढणारी एंजिने तीन, साहिब, सिंध आणि सुलतान. नाना शंकरशेट यांनी त्या रेल्वेच्या स्थापनेसाठी फार खटपट केली. तो इतिहास तुम्हांला अन्यत्र वाचावयास मिळेल.

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पाहून भाचा उभ्या जागी खिळला. उंच घुमट, रंगीत काचा, दगडात कोरलेले मोर, माकडे, पाने, वेली. हे नक्षीकाम जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. इमारतीचा आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा. २००४ साली हिची जागतिक वारसास्थळांत गणना झाली. मी हे सारे मोठ्या हौसेने सांगत होतो. बांधकामाला सुमारे दहा वर्षे लागली, आणि ते सुरू झाले १८७८ साली, असेही मी सांगून गेलो.

भाच्याने वही उघडली, पाने मागे उलटली आणि एका ठिकाणी बोट ठेवले.

"मामा, हे तेच साल."

खरेच, ते तेच साल होते. इतकी वर्षे मी दोन्ही सने पाठ म्हणून दाखवीत आलो. पण ती शेजारी ठेवून कधी पाहिली नव्हती. जिकडे पौंडभर धान्यावर माती वाहून झाली, तिकडून गाडी धावू लागली. आणि इकडे त्याच वर्षी या राजवाड्याचा पाया खणावयास लोक लागले. मला एकदम काही बोलता येईना. तो तरी कोठे उत्तर मागत होता? त्याने दुसऱ्या १८७८ खाली एक रेघ ओढली, वही मिटली आणि विचारले, "हार्बरची गाडी कोणत्या फलाटावरून सुटते?"

हार्बर मार्गाचाही मान मोठा आहे. भारतातील पहिली विजेची गाडी १९२५ सालच्या फेब्रुवारीच्या ३ तारखेला याच स्थानकातून कुर्ल्यापर्यंत धावली, ती याच मार्गाने. तेव्हा मार्ग तेवढाच होता. मानखुर्दच्या पुढे ठाण्याची खाडी ओलांडून वाशीपर्यंत गाड्या जाऊ लागल्या त्या १९९२ साली, आणि पुढील काही वर्षांत रूळ बेलापूर व पनवेलपर्यंत पोचले. खाडीच्या पुलावर गाडी आली तेव्हा डब्यात खारा वारा घुसला. दोन दिवसांपूर्वी गोदावरीत नाणे टाकणारी म्हातारी आठवून भाच्याने खिसा चाचपला. पण त्यात तिकिटाखेरीज काही नव्हते.

बेलापूर आले. मोठे, ऐसपैस स्टेशन. कार्यालयांतून सुटलेली माणसे परतीच्या गाड्यांकडे लगबगीने चालली होती. भाचा पाटीखाली उभा राहिला आणि त्याने ती दोनदा वाचली.

फलाटाच्या अगदी टोकाला रुळांची देखभाल करणारे चार-पाच कामगार पहारी टेकवून सावलीत बसले होते. अंगात नारिंगी जाकिटे, हातांना खडीची धूळ. भाचा त्यांच्याजवळ गेला. गाठोड्यात दोन दशम्या उरल्या होत्या. त्याने गाठ सोडली आणि त्या पुढे केल्या. मी काही सुचविले नव्हते. एका वयस्क कामगाराने हात जाकिटाला पुसून दशमी घेतली, तिचे तुकडे करून सोबत्यांना दिले आणि विचारले, "कुठून आलास रे, बाळ?"

"बेलापूरहून."

ते सगळे मोठ्याने हसले.

"अरे, मग हे काय आहे? हेच बेलापूर!"